एकट्या नोंदी

एकाच संगणकाबद्दल तीन अवजारं कधीच एकसारखं बोलत नाहीत, आणि माझं पोट त्यावरच चालत होतं. लोकांना वाटतं, संगणकांच्या सुरक्षेची तपासणी म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावतायत आणि कुणीतरी डोक्यावर टोपी ओढून झरझर टाइप करतंय. मी आपली सुती ड्रेस घालून, डबा शेजारी ठेवून, याद्या एकमेकींशी जुळवत बसायचे. माझं काम नातेवाइकांना कसं सांगायचं, हा प्रश्न आईने तिच्या पद्धतीने सोडवला होता. "कॉम्प्युटरचं ऑडिट करते," असं ती सांगायची, आणि समोरच्याने "म्हणजे सीए का?" असं विचारलं की खुशाल मान डोलवायची.

काम असं असायचं. एखादी संस्था म्हणायची, आमच्या सगळ्या शाखांचे संगणक एकमेकांना जोडलेले आहेत, त्यात चोर कुठून शिरू शकेल ते सांगा. मग आम्ही त्या जाळ्यावर वेगवेगळी अवजारं चालवायचो. पहिलं अवजार बाहेरून चक्कर मारून कोणती दारं उघडी आहेत ते बघून येतं. दुसरं प्रत्येक दाराची कडी हलवून बघतं. तिसऱ्याला आपण किल्ली देतो, मग ते घरात शिरून काय जुनं झालंय, काय कधीच बदललेलं नाही, ते पाहतं. तिघंही प्रामाणिक, पण तिघांची बोलायची तऱ्हा निराळी. आमच्या सोसायटीत वॉचमन फ्लॅटच्या नंबराने बोलतो, दूधवाला आडनावाने, आणि कामाला येणाऱ्या मावशी "ते कुत्रं असलेलं घर" म्हणतात, तसंच हे. एक अवजार संगणकाला आकड्याने ओळखतं, दुसरं नावाने, तिसरं त्याच्या आतल्या खुणेने. तिघं एकाच संगणकाबद्दल बोलतायत की तीन वेगळ्या, हे कुणीतरी ठरवावं लागतं. न ठरवता याद्या एकाखाली एक चिकटवल्या, तर एकच भोक तीनदा मोजलं जातं. घाईने ठरवलं, तर दोन संगणकांचा एकच होतो आणि दुसरा कागदावरून नाहीसा होतो.

हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाजवलं ते एका प्रश्नावर. एखादी गोष्ट तिघांपैकी एकालाच दिसली तर काय करायचं? दोघांना दिसली तर खरी धरून चालायला हरकत नाही. एकालाच दिसली, तर एक तर त्या अवजाराला भास झालाय, आणि अवजारांना भास होतात, ती आमच्याकडची रोजची कटकट आहे. नाहीतर बाकीच्या दोघांची नजर चुकलीय. यातलं काय खरं, ते प्रोग्रामला कळत नाही. माणसाने फोन उचलून विचारावं लागतं. म्हणून मी असल्या नोंदींचा वेगळा रकाना केला आणि त्याला मराठीत नाव दिलं, "एकट्या नोंदी". नियम असा ठेवला, की एकटी नोंद आपोआप कधीच गळणार नाही. माणूस तिची शहानिशा करेपर्यंत ती अहवालात सगळ्यात वर राहील.

"नाव झकास ठेवलंयस गं," सर म्हणाले होते.

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. पण ते प्रमुख व्हायच्या आधीपासून माझे सर होते. कॉलेज संपल्यावर मी एक कोर्स केला, तिथे ते शिकवायला यायचे. कोर्स संपताना त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "तू काय करणारेस गं पुढे? माझ्याबरोबर काम करशील?" तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर होते. ते कंपनी बदलून इथे आले, मागोमाग मी आले. सगळ्या ऑफिसात ते लोकांना अहो-जाहो करायचे, अगदी नव्या पोरांनासुद्धा, कारण त्यांची पिढी आणि त्यांची पेठ तशी. मला मात्र अगं. "अगं, जेवलीस का?" "अगं, हे बघ काय घोळ घातलाय यांनी." माझ्याबरोबरीचे माझ्यावर जळायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकूंनी मला कधी परकं मानलं नाही, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. रविवारी त्यांची गाडी खडकवासल्याला निघाली की कधीकधी मलाही बोलावणं असायचं. धरणाच्या कठड्याशी उभं राहून तिखटमीठ लावलेलं कणीस खायचं, वाऱ्याने काकूंचा पदर उडायचा आणि सर त्यावर तेच ते विनोद करायचे. एकदा काकू विश्रांतवाडीला आमच्या घरी आल्या. टीव्हीच्या वर ठेवलेल्या बुद्धाच्या मूर्तीकडे त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "प्रसन्न आहे हं." निघताना आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्यात असलं काही नसतं हो." आई "असलं म्हणजे कसलं?" असं विचारायच्या बेतात होती. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. मला तेव्हा आईचाच राग आला होता.

तर, एका लॅबचं काम आमच्याकडे आलं. रक्त-लघवी तपासणारी लॅब, शहरभर शाखा. नाव सांगत नाही. लॅबवाल्यांची अट होती की सकाळी नमुने घ्यायची गर्दी असते, तेव्हा जड तपासणी नको. म्हणून आम्ही पहिलं, हलकं अवजार सकाळी चालवलं आणि उरलेली दोन दुपारी. याद्या जुळवल्या, तर कात्रजच्या शाखेतला एक संगणक पहिल्यालाच दिसलेला. बाकीच्या दोघांच्या हिशेबी तो अस्तित्वातच नव्हता. पहिल्याला बाहेरूनच दिसलेल्या खुणांप्रमाणे तो इतका जुना होता की त्याला सुधारणा मिळणं कधीच बंद झालेलं, आणि त्याचं एक दार सताड उघडं. एकटी नोंद. मी फोन उचलला.

कात्रजच्या शाखेत एक तंत्रज्ञ होता, मोकळा माणूस. "हां मॅडम, हाय ना," तो म्हणाला. "रक्ताचं मशीन हाय, त्याला जोडलेला कॉम्प्युटर हाय त्यो."

"मग दुपारी तो दिसत का नाही?"

"दुपारच्याला कसा दिसंल? एक ते चार शटर खाली असतंय. समदं बंद करूनच घरी जातो आम्ही."

पुण्याच्या एक ते चारवर जगभर विनोद होतात. आमच्या दोन अवजारांनी तो विनोद गंभीरपणे घेतला होता, एवढंच. मी विचारलं, चालू असतो तेव्हा तो मुख्य ऑफिसला जोडलेला असतो का?

"जोडावाच लागतोय की. त्याबिगर रिपोर्ट कसं जानार?"

"आणि त्यावरचं सॉफ्टवेअर नवं का नाही केलं?"

"ते नाय करायचं, मॅडम. मशीनच्या कंपनीचा माणूस सांगून गेलाय, हात लावला तर मशीनच बंद पडंल."

म्हणजे भास नव्हता. मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं की हा संगणक बदलता येत नसेल तर निदान बाकीच्या जाळ्यापासून तोडा, नाहीतर इथून शिरलेला माणूस सगळ्या शाखांत फिरेल. तशाच आणखीही एकट्या नोंदी होत्या, त्यांचीही चौकशी करून लिहिलं. अहवाल जाडजूड झाला. सर माझ्या टेबलापाशी आले.

"अगं, एवढं बाड कोण वाचणार? बाकीच्या कंपन्या चार पानी देतात."

"सर, त्यांचं जाळं चार पानी नाही."

"ते संचालक मला म्हणतात, तुमचा अहवाल वाचून आमची झोप उडते. आपण असं करू, या एकट्या नोंदी काढून टाकू. निदान दोन अवजारांचं एकमत असेल तेवढंच ठेवू. एकमत म्हटलं की लोकांना बरं वाटतं."

"मग कात्रजचा संगणक जाईल."

"एका संगणकाने काय होतंय?"

"चोराला एकच पुरतो, सर."

ते हसले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "बरं बाई, तू म्हणशील तसं." जाताना माझ्या डब्यातलं लोणचं उचलून तोंडात टाकलं. मी जाड्या अहवालावर सही केली. आमच्याकडची रीत अशी, की सही कागदावर करायची, तिचा फोटो काढायचा आणि फाइलमध्ये चिकटवायचा. सही माझी लागायची, कारण तपासनिसाचं प्रमाणपत्र त्या वेळी विभागात फक्त माझ्याकडे होतं. सरांच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण राहून गेलं होतं. ते प्रमाणपत्र मिळवायला मी नोकरी सांभाळून अभ्यास केला होता आणि ते फ्रेम करून बाबांनी आमच्या हॉलमध्ये लावलं होतं.

काही महिने गेले. एका सोमवारी सकाळी लॅबच्या सगळ्या शाखांमधले पडदे एकदम गोठले. कुणीतरी आत शिरून रुग्णांचे सगळे रिपोर्ट कुलूपबंद केले होते, आणि किल्ली हवी असेल तर खंडणी द्या, अशी पाटी प्रत्येक पडद्यावर झळकत होती. आमच्याच मजल्यावरच्या आजोबांना डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन बोलावलं होतं. ते जिन्यात मला भेटले आणि म्हणाले, "अगं, लॅबवाले सांगतात, रिपोर्टच नाही. रक्त तर माझंच घेतलं होतं ना?" माणसांचे आजार, त्यांनी घरातसुद्धा न सांगितलेले, कुठल्यातरी परक्याच्या हातात होते.

मला वाईट वाटलं. पण त्याखाली हायसंही वाटलं, ते लपवत नाही. आपण लिहून दिलं होतं, पहिल्या पानावर. त्यांनी ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार?

लॅबच्या मुख्य ऑफिसात बैठक बोलावली गेली आणि सरांनी मला त्यांच्या गाडीतून नेलं. वाटेत मी एकसारखी बोलत होते. कात्रजमधूनच शिरले असणार, बघा सर, मी पैज लावते, तो संगणक त्यांनी तोडलाच नसेल. सर समोर बघून गाडी चालवत होते. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. तिथे गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "त्यांच्याकडे गेलेल्या अहवालात कात्रज नाहीये."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"मी नंतर नियम बदलला," ते म्हणाले. "एकमताचा ठेवला. प्रोग्राम पुन्हा चालवला आणि बारीक अहवाल पाठवला. त्यांचे रोज फोन यायला लागले होते गं. तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

"आणि सही?"

"सही फाइलमध्ये होतीच की."

माझी सही. मी न वाचलेल्या, मी नको म्हटलेल्या कागदाखाली, माझ्या सहीचा फोटो. मी ओरडले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही असं कसं केलंत?"

त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खरंच ठेवला. "चूक झाली. तू काळजी करू नकोस. आत गेल्यावर मी बघतो. मी आहे ना." पुढची गाडी हलली, त्यांनी गिअर टाकला, आणि मी, अक्कल नावाची चीज कुठे गहाण टाकली होती कुणास ठाऊक, निर्धास्त झाले. राग होता, पण भीती गेली. ते म्हणाले होते ना, मी आहे.

बैठकीत लॅबचे संचालक होते, त्यांचे वकील होते, आणि आमच्या कंपनीच्या मालकीणबाई. चहा आला, कुणी घेतला नाही. संचालकांनी आमचा अहवाल टेबलावर ठेवला. मी तो पहिल्यांदाच बघत होते. अगदी सडपातळ होता, आणि शेवटच्या पानावर माझी सही होती, शेपटीसकट.

"चोर कात्रजच्या संगणकातून शिरला. तो यात का नाही?" संचालकांनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी वाट बघत होते, आता ते सांगतील.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "निरनिराळ्या साधनांची माहिती एकत्र करण्याची जी प्रणाली आम्ही वापरतो, ती मॅडमनी स्वतः विकसित केली आहे. त्यात कोणती नोंद ठेवायची, कोणती वगळायची, त्याचे नियम त्यांचे आहेत. ही नोंद त्या नियमांत गळालेली दिसते. त्या याबद्दल अधिक सांगू शकतील."

मी क्षणभर शेजारी पाहिलं, या कोण मॅडम आल्यात बघायला. मग लक्षात आलं. इतकी वर्षं मी अगं होते, आणि सरांनी एका वाक्यात मला त्या करून टाकलं. मराठीत माणसाला दूर लोटायला शिवी लागत नाही, आदर पुरतो. बाकीच्यांना त्यात काही वावगं दिसलं नसेल. उलट एवढा मोठा माणूस हाताखालच्या बाईबद्दल किती मानाने बोलतो, असंच वाटलं असेल. मला मात्र त्यांचं वाक्य संपायच्या आधी कळलं होतं की गाडीतलं बोलणं गाडीतच राहिलंय. हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. अगंची त्या व्हायला जीभ अडखळते. सरांची अडखळली नाही. त्यांनी ते आधी मनात म्हणून पाहिलं असणार, कदाचित माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तेव्हाच.

"सर," मी म्हणाले, "तो नियम तुम्ही बदललात. आत्ता पुलावर तुम्हीच मला सांगितलंत."

सर माझ्याकडे बघून हळुवार हसले, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. "त्यांना धक्का बसलाय," ते मालकीणबाईंना म्हणाले. "साहजिक आहे. आम्ही त्यांना संधी दिली, त्यांनी मेहनतही केली, त्यात वादच नाही. पण एवढी मोठी जबाबदारी..."

संधी. त्या शब्दाने माझे कान तापले. मी त्यांच्याकडे शिकले, त्यांच्या विभागाचं अर्धं काम उपसलं, त्यांच्याकडे नसलेलं प्रमाणपत्र मिळवलं, प्रोग्रामला डोकं माझं लावलं, आणि ती संधी त्यांनी मला दिली होती! आम्हाला कुणी कामाचं श्रेय देत नाही, संधीच देतात, आणि दिलेली वस्तू परत मागता येते. हे मी त्या खोलीत बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, हे अजून ठरत नाही.

संचालकांनी सडपातळ अहवाल उलटून शेवटचं पान माझ्यासमोर सरकवलं. "ते तुमचं तुमच्यात बघा. ही सही कुणाची आहे?"

"सही माझी आहे. अहवाल माझा नाही."

"म्हणजे काय?" वकिलांनी विचारलं, आणि त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं. मी समजावून सांगायला लागले, जाडा अहवाल, एकट्या नोंदी, एकमत, आणि मला माझंच बोलणं ऐकू येत होतं, एखादी गोंधळलेली बाई सारवासारव करतेय तसं. मूळ अहवाल ऑफिसच्या संगणकावर आहे, असं मी सांगितलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आम्ही पाहून घेऊ." मी रिक्षाने ऑफिसात पोचेपर्यंत माझा पासवर्ड चालेनासा झाला होता. चौकशी होईपर्यंत घरी राहा, असा निरोप होता. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी माझा डबा पिशवीत घालून खाली घेऊन आली आणि नजर न उचलता म्हणाली, "काळजी घ्या, ताई."

मग पत्र आलं. भाषा गोड होती. प्रणालीच्या नियमांतील त्रुटीची सर्वस्वी जबाबदारी माझी असल्याचं मी मान्य करते, असा मजकूर, खाली सहीची जागा. सही केली तर कंपनी मला सन्मानाने निरोप देईल आणि बाहेर वाच्यता करणार नाही. नाही केली, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला सगळं कळवावं लागेल. म्हणजे सही केली तर मी मूर्ख, नाही केली तर मी लबाड. दोन्हीकडे सर स्वच्छ.

बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कागद वाचायची त्यांना सवय आहे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात तू केलंस म्हणून जे लिहिलंय, ते तू केलंस का?"

"नाही."

"मग सही कशाची?" ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. आई मात्र उंबऱ्यात उभी राहून मोठ्या आवाजात सरांचा उद्धार करत होती, आणि बुद्धाची मूर्ती समोर असल्याने मधूनमधून आवाज खाली आणत होती.

मी सही केली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण नाही म्हणायला मला वेळ लागला, आणि तो वेळ मी कशात घालवला, त्याची मला आता चीड येते. मी आशेवर होते. सरांनी केसाने गळा कापला होता, ते मला दिसत होतं, तरी माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती: काकूंना हे माहीत नसणार. सरांनी घरी काहीतरी गुळमुळीत सांगितलं असणार. काकूंना खरं कळलं, तर त्या त्यांना सोडणार नाहीत. त्या सरळ म्हणतील, अहो, आपली पोर आहे ती, जा आणि काय केलंत ते सांगून या. भाजी चिरताना, आईबरोबर आळंदी रस्त्यावर सामान आणायला जाताना, मी मनातल्या मनात काकूंशी बोलत होते. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, त्यांचा संसार मोडल्यासारखं तर होणार नाही ना, याचीही मला काळजी. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला.

शेवटी फोन त्यांचाच आला, दुपारची जेवणं आटोपल्यावर.

"कशी आहेस गं?" काकूंचा तोच आवाज. मला एकदम रडू आलं. मी म्हणाले, बरी आहे.

"हे जेवत नाहीत नीट," त्या म्हणाल्या. "रक्तदाब वाढलाय. तुझंच नाव काढतात सारखं. अगं, तू लहान आहेस, हुशार आहेस, तुला कुठेही नोकरी मिळेल. यांना या वयात कोण दारात उभं करणार? ते पत्र आलंय ना तुला, त्याच्यावर सही करून टाक. चार दिवसांनी लोक विसरतात."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी डोळे पुसले. "काकू, तुम्हाला नीट माहीत नाहीये काय झालं ते. सरांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"सगळं सांगितलं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे तो नियम की काय, तो यांनी बदलला, तुला न विचारता. तुझी सही लावली. त्याच दिवशी घरी आल्यावर सांगितलं, रडले माझ्याजवळ. माझ्यापासून काही लपवत नाहीत ते. म्हणून तर तुला फोन केला. तुझी चूक असती तर मी कशाला केला असता?"

बाहेर रस्त्यावर कुणाचातरी हॉर्न वाजत होता. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, कावाही नव्हता. सणाला मोठं पातेलं मागायला फोन केला असावा, असा साधा आवाज होता.

"काकू, मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"मग आम्ही करायचं तरी काय, ते तू सांग."

"खरं सांगायचं."

"अगं, सांगितलं की त्यांनी मला," काकू म्हणाल्या. "आणखी कुणाला सांगायचं?"